तीनशे रेषा

भाईंदर पूर्व,
१३ फेब्रुवारी १९९४

प्रिय शीलाताईस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र सप्टेंबरात आलं. मधले पाच महिने मी उत्तर लिहायचं टाळलं आणि त्याला सांगण्यासारखं कारण नाही. पत्र आलं त्याच आठवड्यात मी सुरतेला गेलो, तिथं साड्यांच्या गिरणीत दीड महिना काढला, मग एका ट्रकवाल्याबरोबर धुळ्यापर्यंत गेलो, कारण तो म्हणाला चल. धुळ्यात करायचं काय ते कळेना, म्हणून परत आलो. तुझं पत्र बॅगेतून सगळीकडे फिरलं. काका, म्हणजे तुझे अण्णा, दारातच म्हणाले, "आलास? बस, चहा घे. आणि शीलाला उत्तर लिही, ती मला विचारते तू जिवंत आहेस का." मी चहा घेतला.

सध्या तुमच्याच घरी आहे. केबिन रोडच्या मागं चंदनभाईंचा स्टीलच्या भांड्यांचा गाळा आहे, तिथं लागलोय. भांड्यांवर नावं घालतो. लग्नसराईत दिवसाला दोनशे नावं होतात. परवा एक बाई कळशी घेऊन आल्या, म्हणाल्या जुनं नाव काढा आणि माझं घाला. जुनं नाव त्यांच्या जावेचं. नाव काढायचं तर बफ मारावा लागतो, म्हणजे कापडाच्या फिरत्या चाकावर मेणाचा हिरवा मसाला लावून भांडं घासायचं. हरिश्चंद्र म्हणून जौनपूरचा कारागीर आहे, तो ते करतो. दोन मिनिटांत जाऊ निघून गेली.

असो. तू विचारलं होतंस ते वेगळंच. तू लिहिलं होतंस की माणसाची बारीक रक्तवाहिनी बंद पडली तर तिच्या जागी घालायला तुम्ही प्लॅस्टिकची नळी बनवताय. आत रक्त गोठू नये म्हणून तिला माणसाच्याच पेशींचं अस्तर लावायचं, आणि धारेनं ते अस्तर वाहून जाऊ नये म्हणून नळीला आतून, लांबीच्या दिशेनं, केसाहून बारीक रेषा पाहिजेत. नळी स्टीलच्या सळीवर ओततात, म्हणून रेषा आधी सळीवर. तिकडं कुणी करून देईना, म्हणून मला विचारलंस. मला म्हणजे आयटीआय दीड वर्षात सोडलेल्या माणसाला.

दोन सळ्या या पार्सलात आहेत. शेजारच्या गाळ्यात पंढरीनाथ मेस्त्रींचा जुना लेथ आहे. सळी त्यात धरली, पण फिरवली नाही. काच कापायची हिरकणी हत्यारात बसवली आणि ती सळीवरून उभी ओढत नेली. एक रेष झाली की मागचं चक्र दाताच्या तिसऱ्या भागानं सरकवायचं. दात शंभर, रेषा तीनशे. मेस्त्री म्हणाले, "लेथ न फिरवता लेथवर काम करणारा तू पहिलाच." एका सळीला तीन दिवस लागले. ताई, मी एका जागी तीन दिवस बसलो हे कुणाला खरं वाटणार नाही.

काकांना दाखवली तर ते म्हणाले, "पाइप आतून जितका गुळगुळीत तितका चांगला. तीस वर्षं मी पाणी खात्यात काय केलं मग?" काकी म्हणाल्या, शीलाला लग्नाचं विचार. विचारलं असं समज.

तुझा,
संघर्ष

*

बंगलोर,
६ मार्च १९९४

चि. संघर्ष,
जयभीम.

पार्सल उघडलं तेव्हा मला वाटलं तू सायकलचा स्पोक पाठवलायस. मग भिंगाखाली धरली.

काय झालं ते सावकाश सांगते, म्हणजे अण्णांनाही वाचून दाखवता येईल. तुझी सळी प्लॅस्टिकच्या पातळ पाकात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. सात-आठ थर झाले की मोज्यासारखी सोलून काढायची. सळीवरच्या खाचा नळीच्या आत उलट्या उमटतात. मग आत पेशी सोडायच्या. त्या आम्ही बाळंतपणाच्या दवाखान्यातून आणलेल्या नाळेतून काढतो. रोज सकाळी मी बर्फाचा डबा घेऊन तिथं उभी असते, दाया मला "नाळवाली" म्हणतात.

गुळगुळीत नळीत पेशी कशाही पडतात आणि धार सोडली की दुसऱ्या दिवशी निम्म्या वाहून गेलेल्या असतात. तुझ्या नळीत त्या रेषांच्या बाजूनं लांब झाल्या, एकीमागे एक, जशा आपल्या खऱ्या धमनीत असतात तशा. चौथ्या दिवशीही जागच्या जागी होत्या. मी तीनदा मोजल्या. माझे गाइड असलेल्या सरांना हा माझा हट्ट वाटतो. त्यांचं सगळं काम गुळगुळीत नळीवर आहे. ते म्हणाले, दोन सळ्यांवरून काही ठरत नाही.

म्हणून बारा पाहिजेत, सगळ्या सारख्या. बारा डिसेंबरला आमची कमिटी बसते. मला पुढची दोन वर्षं द्यायची की नाही, म्हणजे पीएच.डी. होणार की नाही, ते त्या दिवशी ठरेल. माझ्याकडे दाखवायला या रेषांशिवाय काही नाही.

संस्थेच्या नियमाप्रमाणे वस्तू कुणाकडून घेतली त्या कंपनीचं नाव लागतं. मी तुमच्या गाळ्याचं दिलंय, चंदन मेटल. चंदनभाईंना संस्थेच्या कागदावर ऑर्डरचं पत्र येईल. काम मात्र तूच करायचंस. आणि एक लक्षात ठेव, पेशी रेषेच्या कडेला धरून राहतात. कड तुटली, घासली गेली तर रेष दिसते पण उपयोगाची नसते. तुझ्याशिवाय कुणाचा हात लागू देऊ नकोस.

आईला सांग, लग्नाचं डिसेंबरनंतर.

शीलाताई

*

भाईंदर पूर्व,
१६ मे १९९४

प्रिय शीलाताईस,
सप्रेम जयभीम.

बारा सळ्या झाल्या. तीन हजार सहाशे रेषा. मी मोजत नव्हतो, पंढरीनाथ मेस्त्री मोजत होते आणि दर शंभराला तंबाखूची चिमूट तोंडात टाकत होते.

तुमच्या संस्थेचं पत्र आलं तेव्हा चंदनभाईंनी गाळ्याचं शटर अर्धं खाली घेतलं, त्यांना वाटलं इन्कम टॅक्सवाले. मग यतीननं, त्यांच्या मुलानं, वाचून दाखवलं. तेव्हापासून ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "अपना माल अब आदमी के दिल में जाएगा." पत्राला काचेची फ्रेम केलीय. कढयांचे भाव लिहिलेत त्याच्या वर टांगलंय.

शेवटची सळी पाच तारखेला झाली. सगळ्या तेलाच्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवल्या, डबा गाळ्यात ठेवला, आणि डोळ्यांसमोर रेषा नाचत होत्या म्हणून म्हटलं जरा बाहेर पडू. वरसाव्याला राघो राहतो. तो म्हणाला, "व्हडी रंगवाची हाय, येतंस का न्हाय?" गेलो. चार दिवस खाडीवर होतो. पुलावरून ट्रक गेला की खालचं पाणी थरथरतं, ते बघत बसलो. होडीवर नाव घालायला मी हिरकणी काढली तर राघो हसून म्हणाला, लाकडाला ब्रश लागतो रं.

परत आलो तोवर पार्सल गेलं होतं. चंदनभाईंनी स्वतः बांधलं, वर लाल अक्षरांत नाजूक माल लिहिलं. मिळालं असेल.

काकांच्या गुडघ्याचं तसंच आहे. बेव्हर्ली पार्ककडे नवीन बिल्डिंगा उठतायत, ते रोज तिथपर्यंत चालत जातात आणि पाण्याच्या लाइनी चुकीच्या टाकतायत म्हणून चिडून परत येतात.

आणखी काही लिहायचं होतं, ते पुढच्या वेळी.

संघर्ष

*

बंगलोर,
४ ऑगस्ट १९९४

चि. संघर्ष,

अडीच महिने झाले, काही जमत नाही. त्याच पाकात बुडवते, तसंच वाळवते, त्याच दवाखान्यातल्या नाळा. पण पेशी रेषा धरत नाहीत. काही ठिकाणी तर दुसऱ्या दिवशी मेलेल्याच असतात, ठिपक्याठिपक्यांनी. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सळ्या पाहिल्या, रेषा दिसतात. मोठ्या, इलेक्ट्रॉनवाल्या यंत्रावर माझा नंबर नोव्हेंबरअखेर आहे.

मी स्वतःच्या हाताला दोष देतेय. रोज वाटतं पाण्यातच काही असेल, काच नीट धुतली नसेल. तू खरं सांग, या बारा तू पहिल्या दोनसारख्याच केल्यास ना? हिरकणी बदललीस का? घाई केलीस का?

सोबत छापील पान पाठवते. एप्रिलमध्ये इथं परिषद झाली, त्यात पहिल्या दोन सळ्यांबद्दल मी बोलले. त्याचा गोषवारा आहे. अण्णांना दाखव, माझं नाव पहिलं आहे.

शीलाताई

*

भाईंदर पूर्व,
२१ ऑगस्ट १९९४

शीलाताईस,
जयभीम.

पान मिळालं. काकांनी चष्म्यावर आणखी भिंग धरून वाचलं. इंग्रजी त्यांना अडतं तिथं ते थांबत नाहीत, पुढे जातात. तुझ्या नावावर त्यांनी बोट ठेवलं, काकींचंही बोट तिथं ठेववलं. मग अगदी खाली गेले, जिथं आभार आहेत. "चंदन मेटल, भाईंदर." पुन्हा वरून वाचायला लागले. मला कळलं ते काय शोधतायत. शेवटी पान दुमडून म्हणाले, "छापायला जागा कमी असेल."

मी म्हटलं हो, असेल.

यतीननं त्याची झेरॉक्स काढली आणि आता दुसरी फ्रेम लागलीय. गाळ्यात काल एक गिऱ्हाईक मला विचारत होतं, "हे तुमच्या शेठनी बनवलं का?" मी म्हटलं, हो, शेठ लई हुशार आहेत, दिवसा कढया आणि संध्याकाळी रक्तवाहिन्या. चंदनभाईंनी ऐकलं आणि मला दोन दिवस डब्यांची झाकणं मोजायला बसवलं.

तू विचारलंस, पहिल्यासारख्याच केल्यास का. मी केल्या त्या पहिल्यासारख्याच केल्या. तीच हिरकणी, तेच चक्र, तेवढाच वेळ. माझ्या हातून काही कमी झालेलं नाही.

बाकी काय ते तुमच्या कंपनीला विचार. आभार तिचे मानलेत.

संघर्ष

*

बंगलोर,
३० ऑक्टोबर १९९४

संघर्ष,

तुझं पत्र मी कपाटात आत ठेवलं होतं. दोन महिने उत्तर द्यावंसं वाटलं नाही. आता द्यावं लागतंय.

नाव का नाही, ते ऐक. पहिल्या वर्षी माझी नोंदवही कुणीतरी हलवली आणि ती सापडेना. सर सगळ्यांसमोर म्हणाले, या लोकांना सीट मिळते, शिस्त मिळत नाही. नोंदवही दुसऱ्या दिवशी त्यांच्याच टेबलावर निघाली. त्या दिवसापासून मी इथं जे काही करते त्याला शिक्का असावा लागतो, बिल असावं लागतं, कंपनीचं नाव असावं लागतं. सळ्या पाहून सरांनी पहिला प्रश्न विचारला, कुणी केल्या? मी काय सांगायचं होतं? माझ्या चुलत भावानं, तो भांड्यांवर नावं घालतो, शिक्षण अर्धवट? त्यांनी त्या सळ्या तिथंच बाजूला ठेवल्या असत्या. मी म्हटलं, मुंबईची एक फर्म आहे. ते म्हणाले, गुड.

तुझ्यापेक्षा मला ते जास्त लागलंय, एवढंच सांगते. पण तुला ते पटावं म्हणून हे पत्र नाही.

मी गाळ्यात फोन केला होता. चंदनभाई म्हणाले, "हमने तो डिब्बा खोला भी नहीं बेन, जैसा संघर्ष ने दिया वैसा भेजा." म्हणजे आता तूच उरलास.

बारा डिसेंबर लांब नाही. सळ्यांमध्ये काही फरक झाला असेल, कुणाच्याही हातून, तर मला एक ओळ लिही. गाळ्याच्या लेटरहेडवर चंदनभाईंची सही घेतलीस तर आणखी बरं. माल बिघडलेला आला असं कंपनीच म्हणत असेल तर कमिटी मला सहा महिने वाढवून देते, मी चौकशी केलीय. कुणाला दोष द्यायचा नाही, मला फक्त ती ओळ पाहिजे. वीस नोव्हेंबरपर्यंत.

शीला

*

भाईंदर पूर्व,
१४ डिसेंबर १९९४

शीलाताई,

तू वीस नोव्हेंबर म्हटलं होतंस. आज चौदा डिसेंबर. कमिटी परवा झाली असेल. काका म्हणतात अशा कमिट्या कधी वेळेवर बसत नाहीत, त्यांच्या खात्यात तर एक कमिटी चार वर्षं बसलीच नाही. त्यांच्या या बोलण्यावर मी हे लिहायला बसलोय.

वरसाव्याहून परत आलो त्या दिवशी, नऊ मे, हरिश्चंद्र गाळ्याच्या दारात बिडी ओढत बसला होता. मला बघून खुश झाला. म्हणाला, "भैया, तुम्हारा वो डॉक्टर लोग का माल, आईना बनाके भेजा. सेठ बोले स्पेशल मारो." मी म्हटलं, काय केलंस? तो म्हणाला, "बफ किया, और क्या. बिना बफ का माल इस गाले से कभी गया है?" हाताला अजून हिरवा मसाला होता.

पहिल्या दोन सळ्या मी माझ्या खिशातून नेऊन पोस्टात टाकल्या होत्या. त्या माझ्या होत्या. या बारा गाळ्याच्या नावावर होत्या, संस्थेचं पत्र आलेल्या. गाळ्याचा माल जसा जातो तशाच गेल्या. हरिश्चंद्रला मी बोलू शकलो नाही. तो बिचारा सतरा वर्षं हेच करतोय, ओरखडा दिसला की घालवायचा. त्यानं बारा सळ्यांवरचे तीन हजार सहाशे ओरखडे घालवायला घेतले, आणि थोडे राहिले म्हणून त्यालाच वाईट वाटत होतं. म्हणाला, "लाइन पूरी नहीं गई भैया, बहुत गहरी थी."

तू लिहिलं होतंस कड गेली की उपयोग नाही. ते मला पाठ होतं. पेशी मेल्या त्याचंही मला ऑगस्टात कळलं, मसाला खाचेच्या तळाशी बसतो, उकळत्या पाण्यानंही निघत नाही. भांड्यांच्या कानाखाली बघ, वर्षानुवर्षं हिरवं राहतं.

मे महिन्यात लिहिलं नाही कारण भीती वाटली. कुणाचा हात लागू देऊ नकोस म्हणालीस आणि मी डबा सोडून होडी रंगवायला गेलो. वाटलं उजेडात धरल्या तर रेषा दिसतायत, चालून जाईल. तोवर माझा नालायकपणा होता, तो नेहमीचा.

ऑगस्टात तसं नव्हतं. ते पान आलं, काका खालपर्यंत वाचत गेले, आणि जागा कमी असेल म्हणाले. त्या दिवशी मी पत्र लिहायला बसलो होतो, बफचं सगळं लिहिलंही होतं, पहिल्या पानावर. ते पान फाडलं. मग दुसरं लिहिलं ते तुला मिळालं. "मी केल्या त्या पहिल्यासारख्याच केल्या" हे वाक्य मी तीनदा जुळवून लिहिलं, म्हणजे खोटं ठरू नये. मला वाटलं, कंपनीचे आभार मानलेत ना, मग कंपनीच्या बफनं काय केलं ते तिला तिचंच शोधू दे.

ऑक्टोबरचं तुझं पत्र आलं तेव्हा राग गेला होता. पण मग सांगायचं म्हणजे हेही सांगावं लागणार होतं. रोज उद्या म्हणत राहिलो. मधे आठ दिवस नाशिकला जाऊन आलो, काही काम नव्हतं.

काल चंदनभाईंसमोर जाऊन लेटरहेड मागितलं. ते म्हणाले, "मैं अपने हाथ से लिखूं कि मेरा माल खराब है?" मी दोन्ही फ्रेम खाली उतरवल्या. नोकरी गेली, ते बरंच झालं.

पंढरीनाथ मेस्त्रींकडे बसून चार नवीन केल्यात. त्यांनी स्वतः कुलूप लावून ठेवल्या, मला म्हणाले तू हात लावू नकोस, तू फिरस्ता आहेस. पोस्टानं पाठवत नाही, कुणाच्या तरी हातीच देईन. काकांना एवढंच सांगितलंय की ताईला सळ्या पाहिजेत. सात महिने मी गप्प होतो हे त्यांना माहीत नाही. तू सांगितलंस तरी चालेल.

मी नांदेडला चाललोय. पत्ता ठरला की कळवतो, किंवा तिथल्या माझ्या जुन्या आयटीआयच्या पत्त्यावर लिही, शिपाई अजून ओळखतो.

संघर्ष

*

बंगलोर,
२२ डिसेंबर १९९४

संघर्ष,

तुझं पत्र काल मिळालं. कमिटी वेळेवर बसली.

तू लिहिलंस त्यातलं बरंचसं मला माहीत होतं. अठ्ठावीस नोव्हेंबरला मोठ्या यंत्रावर माझा नंबर लागला. पडद्यावर तुझ्या पहिल्या सळीची रेष सुरीनं कापल्यासारखी होती. त्या बारांतली एक लावली तर वापरलेल्या साबणाच्या वडीवर अक्षरं असतात तशी. आणि खाचेत काहीतरी भरलेलं. यंत्रावरचा माणूस तामिळ होता, तोच म्हणाला, मॅडम, कुणीतरी पॉलिश केलंय.

म्हणजे चौदा दिवस होते माझ्याकडे. तू एक ओळ पाठवशील म्हणून मी रोज ऑफिसात जाऊन टपाल बघत होते. ती आली नाही. मग मी काय करू शकत होते ते सांगते. मी सरांकडे जाऊन म्हणू शकत होते की सळ्या कंपनीच्या नव्हत्या, माझ्या भावानं हातानं केल्या होत्या, गाळ्यानं चुकून घासल्या, त्याला बोलावून विचारा. तुला इथं यावं लागलं असतं. तू आला असतास, हे मला माहीत आहे. पण एप्रिलच्या छापील पानावर फर्म लिहिलेली होती, माझ्या सहीनं. ती खोटी आहे असं मला सांगावं लागलं असतं, आणि सरांना नोंदवहीच्या वेळी जे बोलले ते पुन्हा बोलता आलं असतं, यावेळी पुराव्यासकट.

मी सांगितलं नाही. यंत्रावरचे फोटो कपाटात ठेवले. बारा तारखेला अहवाल दिला. त्यात मी लिहिलंय की नळीच्या आतल्या रेषांचा पेशींच्या चिकटून राहण्यावर परिणाम आढळला नाही. पहिल्या दोन सळ्यांचे आकडे मी स्वतः गाळले. सर म्हणाले, अपवाद म्हणून सोडून द्या. मी सोडून दिले. आता उद्या दुसरीकडे कुणाला हे सुचलं आणि त्यानं शोधलं, तर त्याला माझं ते वाक्य सापडेल, आणि तो मुलगा किंवा ती मुलगी म्हणेल, हे करून झालंय, उपयोग नाही. खाली माझं नाव आहे. यावेळी आभार कुणाचेच नाहीत.

मुदत मार्चअखेर संपते. वाढवली नाही. कमिटीतल्या एका बाईंनी निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, कल्पना चांगली होती.

तुझ्या पत्रातून मला एकच नवीन गोष्ट कळली. ऑगस्टचं ते वाक्य तू तीनदा जुळवलंस ही. मी समजत होते की तू विसरलास, कुठंतरी फिरत असशील, नेहमीसारखा. मला ते सोसलं असतं. मी नाव गाळलं तेव्हा तुझ्या मनात काय आलं असेल याचा मी विचार केला नव्हता, हेही खरं आहे. पण त्यानं आता माझं काही हलकं होत नाही आणि तुझंही होऊ नये.

मी तुला माफ केलंय का असं विचारू नकोस. मी अजून माझ्याच अहवालापाशी आहे.

आणि नवीन सळ्या पाठवू नकोस. पंढरीनाथ मेस्त्रींना म्हणावं, असू देत तुमच्याकडे. इथं आता मला सळी बुडवायला पाकही मिळणार नाही. घरी काय सांगायचं ते मी मार्चमध्ये येऊन बघीन, तोवर अण्णांना काही

थांब. होस्टेलचा वॉचमन वर येऊन गेला. म्हणतो, खाली कुणीतरी म्हातारे गृहस्थ आलेत, गुडघ्यानं लंगडतायत, सकाळच्या मुंबईच्या गाडीनं उतरून विचारत विचारत आलेत, आणि तुमचं नाव पीएच.डी. लावून सांगतायत. खिडकीतून पाहिलं. अण्णा आहेत. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलाय. हातात लांबट डबा आहे, दोन्ही हातांनी आडवा धरलाय, तान्हं मूल धरतात तसा. वॉचमन खुर्ची पुढे करतोय, डबा टेबलावर ठेवा म्हणतोय. ते मान हलवून त्याला काहीतरी समजावतायत आणि डबा खाली ठेवत नाहीत.